शिकंदराचा खोजा : एक कादंबरी व तिचे वाचक

ऐतिहासिक कादंबरीचा निवाडा दोन न्यायासनांपुढें होत असतो. एका आसनावर इतिहासज्ञ बसतो व 'हें घडलें होतें काय?' असें विचारतो. दुसऱ्यावर सामान्य वाचक बसतो व 'हीं माणसें जिवंत वाटतात काय?' एवढेंच विचारतो. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून हा वाद चालत आला आहे व त्याचीं दोन्ही अंगें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु क्वचित् एखादें पुस्तक असें निघतें कीं, त्याच्या वाचकांत ह्या दोहोंहून निराळा असा तिसरा पक्ष उभा राहतो. ज्यांचें नांव इतिहासानें घेतलें नाहीं, किंवा घेतलें तें निंदेपुरतेंच घेतलें, अशा लोकांचा हा पक्ष. ते पुस्तकांत आपला पूर्वज शोधीत असतात. मेरी रेनॉल्ट ह्या इंग्रज लेखिकेची 'दि पर्शियन बॉय' ही १९७२ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्या जातीची आहे. गेल्या पन्नास वर्षांत तिच्यावर वाचकांनीं जीं मतें दिलीं, त्यांचा परामर्श घेण्याचें येथें योजिलें आहे. ह्या मतांच्या इतिहासांत एका कादंबरीच्या भाग्यापेक्षां कांहीं अधिक सांठलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

ही कादंबरी एका त्रयीचा मध्यभाग आहे. 'फायर फ्रॉम हेवन' (१९६९) ह्या पहिल्या भागांत शिकंदराचें बालपण व तारुण्य असून, त्याचा बाप फिलिप ह्याच्या इ. स. पूर्वीं ३३६ मधील खुनाशीं तो भाग संपतो. दुसऱ्या भागांत इराणची मोहीम, दारयसाचा नाश, हिंदुस्थानवरील स्वारी, गेद्रोशियाच्या वाळवंटांतील हाल आणि शेवटीं इ. स. पूर्वीं ३२३ मध्यें बाबिलोन येथें झालेला शिकंदराचा मृत्यु हीं सर्व येतात. 'फ्यूनरल गेम्स' (१९८१) हा तिसरा भाग म्हणजे त्याच्या मागें सेनापतींत माजलेल्या यादवीची कहाणी होय. लढाया, कूच, कट, विश्वासघात, नद्यांचे उतार, डोंगरी किल्ल्यांचे वेढे अशी साहसकथेची सगळी सामग्री त्रयींत भरपूर आहे. पहिला व तिसरा भाग तटस्थ निवेदनांत लिहिलेले आहेत. मधला भाग मात्र एकाच माणसाच्या तोंडून वदविला आहे. आणि तो माणूस राजा नाहीं, सेनापति नाहीं, सैनिकहि नाहीं. तो बागोआस नांवाचा इराणी खोजा आहे. पूर्वीं तो दारयसाच्या अंतःपुरांत होता व पुढें शिकंदराच्या सेवेंत येऊन त्याच्या प्रेमास पात्र झाला. जगज्जेत्याची कथा त्याच्यावर प्रेम करणाऱ्या एका जित दासानें सांगावी, ही योजना त्या काळीं धाडसाचीच होती.

लेखिकेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तिचें खरें नांव आयलीन मेरी चॅलन्स. जन्म १९०५ सालीं लंडनमध्यें. शिक्षण ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजांत. पदवी घेतल्यावर तिनें परिचारिकेचा धंदा पतकरला, व शिकत असतां जिची गांठ पडली त्या जूली मुलार्ड हिच्यासह तिनें उरलेलें सारें आयुष्य काढलें. १९४७ सालीं एका अमेरिकन चित्रपट-मंडळीचें मोठें पारितोषिक मिळाल्यावर, दुसऱ्याच वर्षीं त्या दोघी दक्षिण आफ्रिकेंत गेल्या व तेथेंच स्थायिक झाल्या. १९८३ च्या डिसेंबरांत केप टाउन येथें लेखिकेचा अंत झाला. दोन पुरुषांमधील प्रेम हा विषय तिनें प्रथम 'दि चॅरिअटिअर' (१९५३) ह्या समकालीन कादंबरींत घेतला होता. तिच्या अमेरिकन प्रकाशकानें खटल्याच्या भीतीनें तें पुस्तक नाकारलें, आणि अमेरिकेंत तें निघण्यास १९५९ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं १९५६ सालीं तिनें 'दि लास्ट ऑफ द वाइन' लिहून प्राचीन ग्रीसचा रस्ता धरला होता. त्या रस्त्यावर एक मोठी सोय होती. अथेन्सच्या माणसाला जें प्रेम लपवावें लागत नव्हतें, तें त्याच्या कथेंतहि लपवावें लागत नव्हतें. कबुलीजबाब नको, वैद्य नको, पोलीस नको. माणसानें माणसावर प्रेम केलें, एवढेंच सरळ सांगतां येत होतें.

आतां बागोआस हा खरोखर होता काय, ह्या इतिहासज्ञांच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचा उल्लेख करणारे प्राचीन ग्रंथकार थोडे आहेत. रोमन इतिहासकार कर्टिअस सांगतो कीं, दारयसाच्या वधांत अंग असलेला नबर्झानीज हा शरण आला, तेव्हां त्यानें जे नजराणे आणले त्यांत हा रूपवान खोजा होता. व त्याच्याच रदबदलीनें नबर्झानीजला अभय मिळालें. प्लूटार्क एक निराळा प्रसंग देतो. गेद्रोशियाचें वाळवंट ओलांडून आल्यावर नृत्याची एक स्पर्धा झाली; तींत बागोआस विजयी झाला व वेषासह येऊन राजाशेजारीं बसला. तेव्हां मॅसिडोनियन शिपायांनीं टाळ्या पिटून राजानें त्याचें चुंबन घ्यावें असा गलका केला, व राजानें तो पुरविला. अथेनीअस हाहि डिकीआर्कसच्या आधारें अशाच गोष्टीचा निर्देश करतो. उलटपक्षीं, शिकंदराचा सर्वांत विश्वसनीय चरित्रकार म्हणून ज्याचा लौकिक आहे तो आरियन ह्या खोजाविषयीं अवाक्षर काढीत नाहीं.

ह्या मौनावर विसाव्या शतकांत एक मोठा इमला उभारला गेला. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न हे शिकंदराचे नामांकित ब्रिटिश अभ्यासक. त्यांनीं १९४८ सालच्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, बागोआस हें पात्र शिकंदराच्या शत्रूंनीं, विशेषतः ॲरिस्टॉटलच्या परंपरेंतील लेखकांनीं, त्याच्या बदनामीसाठीं रचलें. टार्न ह्यांचा शिकंदर मानवजातीच्या ऐक्याचें स्वप्न पाहणारा महात्मा होता. अशा पुरुषाजवळ खोजा शोभणार कसा? दहा वर्षांनीं, १९५८ सालीं, अर्न्स्ट बेडियन ह्यांनीं 'दि युनक बागोआस' ह्या निबंधांत हा सगळा युक्तिवाद उलगडून दाखविला. एकमेकांपासून स्वतंत्र असे पुरावे मोडीत काढावयाचे, व ते कां मोडीत काढावयाचे तर ते आपल्या नायकाला न शोभणारे म्हणून, ही शास्त्रीय पद्धति नव्हे हें त्यांनीं कठोरपणें सांगितलें. त्याच वर्षीं दुसऱ्या एका निबंधांत त्यांनीं टार्न ह्यांच्या मानवी ऐक्याच्या कल्पनेचाहि असाच समाचार घेतला. आज बागोआस होऊन गेला, ह्याविषयीं अभ्यासकांत फारसा मतभेद राहिलेला नाहीं.

ह्या वादाचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. टार्न हे विद्वान् होते, व जाणूनबुजून खोटें लिहिणारे नव्हते. परंतु त्यांच्या पिढीच्या नीतिकल्पनेनें पुराव्याच्या तागडींत हळूच बोट घातलें, आणि एक माणूस इतिहासांतून नाहींसा झाला. बागोआस मिथ्या ठरला तो पुरावा अपुरा म्हणून ठरला नाहीं. त्याचें असणें गैरसोयीचें होतें म्हणून ठरला. रेनॉल्ट बाईंनीं चवदा वर्षांनीं त्याच माणसाला कथेचा निवेदक केलें, ह्यांतील औचित्य मोठें आहे. विद्वानांच्या टीपांतून ज्याला हांकलून दिलें होतें, त्याच्याच हातीं त्यांनीं सगळा ग्रंथ सोंपविला.

परंतु लेखिकेचा न्यायहि निर्मळ नाहीं. कर्टिअस ह्या ग्रंथकाराविषयीं त्यांचें मत अत्यंत वाईट होतें, व तें त्यांनीं उघडपणें लिहून ठेविलें आहे. तथापि बागोआसाच्या चरित्राचा मोठा भाग त्याच कर्टिअसकडून घ्यावा लागला. कर्टिअस सांगतो कीं, पर्सिसचा सुभेदार ऑर्क्सिनीज ह्यानें राजाच्या सर्व स्नेह्यांना नजराणे दिले, परंतु बागोआसाला तुच्छ लेखून वगळलें. तेव्हां बागोआसानें सायरसच्या थडग्याच्या लुटीचा आळ घालून त्याचा घात करविला. आरियनच्या मतें ऑर्क्सिनीजनें देवालयें व राजांचीं थडगीं लुटलीं होतीं व कित्येक इराण्यांचे अन्यायानें प्राण घेतले होते, म्हणून त्याला फांशीं दिलें. कादंबरींत ह्या प्रसंगाला निराळेंच वळण आहे. तेथें ऑर्क्सिनीज हा बागोआसाच्या बापाचा घात करणारा ठरतो, आणि कारस्थानाचें रूपांतर पितृऋण फेडण्यांत होतें. कथेच्या दृष्टीनें ही जोडणी सुंदर आहे. मात्र आपल्या आवडत्या माणसावरील डाग पुसण्यासाठीं पुरावा वळविण्याचा जो दोष टार्न ह्यांच्याकडे जातो, त्याचीच ही कलेच्या प्रांतांतील धाकटी बहीण नव्हे काय? कादंबरीकाराला ही मोकळीक असते, हें आम्ही जाणतों. परंतु मोकळीक असणें निराळें व तिची किंमत नसणें निराळें.

आतां त्या तिसऱ्या पक्षाकडे येऊं. १९७२ सालचा वाचक कोणत्या जगांत राहत होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. इंग्लंडमध्यें प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्हा ठरविणारा कायदा १९६७ सालीं सैल झाला होता. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत तो तसाच होता, व सर्व देशांतून तो नाहींसा होण्यास २००३ साल यावें लागलें. लेखिका राहत होती त्या दक्षिण आफ्रिकेंत तो १९९८ पर्यंत टिकला. कादंबऱ्यांची तऱ्हाहि ह्या कायद्यांना साजेशीच होती. असल्या प्रेमाची कथा सांगावयाची तर ती खुनांत, आत्मघातांत किंवा पश्चात्तापांत संपली पाहिजे, असा जणुं संकेतच पडला होता. गोर व्हिडाल ह्यांची 'दि सिटी अँड द पिलर' ही १९४८ सालची कादंबरी मूळांत खुनानेंच संपत होती. तो शेवट त्यांनीं पुढें स्वतः बदलला. ई. एम. फॉर्स्टर ह्यांनीं 'मॉरिस' ही सुखान्त कथा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर लिहून ठेविली, परंतु हयातींत ती छापली नाहीं. ती १९७१ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली.

अशा वेळीं 'दि पर्शियन बॉय' निघाली व लोकप्रिय झाली. १९७३ च्या जानेवारींत ती न्यू यॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या दहा पुस्तकांत होती. त्या दहाहि पुस्तकांचा समाचार घेण्याची कामगिरी व्हिडाल ह्यांनीं अंगावर घेतली. इतर पुस्तकांवर त्यांनीं चाबूक ओढला. ह्या कादंबरीविषयीं मात्र ते आदरानें बोलले, आणि असा विषय एवढ्या मोठ्या वाचकवर्गानें बिनतक्रार स्वीकारावा ह्याचें त्यांना विशेष वाटलें. येथें एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ह्याच १९७३ सालच्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेंतील मनोवैद्यांची मुख्य संस्था असल्या प्रेमाची गणना मानसिक विकारांत करीत होती. म्हणजे वैद्यांनीं ज्याला रोग म्हटलें होतें, त्याचीच कथा त्या वर्षीं लाखों घरांत रात्रीचे दिवे जाळून वाचली जात होती. कायदा व वैद्यक ह्यांच्या पुढें सामान्य वाचक कधीं कधीं चालतो, ह्याचा हा एक चांगला दाखला होय.

ज्यांना ह्या कथेंत आपला पूर्वज सांपडला, त्यांच्या साक्षींपैकीं एक विशेष बोलकी आहे. डॅनिएल मेंडेल्सन हे आज ग्रीक वाङ्मयाचे जाणकार व टीकाकार म्हणून प्रसिद्ध आहेत. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शाळेंत शिकत असतां त्यांनीं शिकंदराच्या ह्या कादंबऱ्या वाचल्या, आणि १९७६ सालीं धीर करून लेखिकेला पत्र लिहिलें. तिचें उत्तर आलें. व हा पत्रव्यवहार तिच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत चालला. २०१३ सालीं 'न्यू यॉर्कर'मध्यें त्यांनीं ही हकीकत सविस्तर सांगितली आहे. आपण कोण आहों ह्याची ओळख त्यांना ह्या पुस्तकांनीं पटविली, आणि ग्रीक विद्येची गोडीहि त्यांनींच लाविली. आम्हां शिक्षकांस ह्यांत एक गोष्ट विशेष वाटते : ज्ञान आणि स्वतःची ओळख हीं दोन्ही एकाच दारानें घरांत आलीं. वर्गांत आम्ही शिकंदराच्या स्वाऱ्यांचा क्रम पाठ करून घेतों. तो मुलगा त्या स्वाऱ्यांबरोबर स्वतः चालला होता. मेंडेल्सन हे अनेकांतले एक होत. लेखिकेकडे अशा वाचकांचीं पत्रें येत असत. आणि इतक्या आंतून लिहिणारा मनुष्य स्त्री नसून टोपणनांवानें लिहिणारा पुरुषच असावा, असा तर्कहि कित्येकांनीं बांधला होता.

गंमत ही कीं, लेखिकेचें स्वतःचें मत ह्या वाचकांच्या चळवळीस अनुकूल नव्हतें. माणसानें आपल्या प्रेमाच्या प्रकारावरून आपली जात ठरवावी व तिचा झेंडा घेऊन रस्त्यावर यावें, हें त्यांना पसंत नव्हतें. आपल्या एका जुन्या कादंबरीस १९८३ सालीं जोडलेल्या पश्चात्-लेखांत त्यांनीं हें स्पष्ट सांगितलें आहे. त्यांचा ग्रीक आदर्श व्यक्तीचा होता. गुण, धैर्य व मर्यादा ह्यांवरून माणूस तोलावा, इतर गोष्टी दुय्यम. चळवळींतील तरुणांस हें मत थंड वाटलें, व तें स्वाभाविक होतें. ज्याला समाज रोज त्याच एका गोष्टीवरून तोलतो, त्यानें ती गोष्ट दुय्यम कशी मानावी? तथापि ह्या दोघांत विरोध दिसतो तितका नाहीं. जेथें एखादी गोष्ट दुय्यम मानली जाते, असें जग त्यांनीं कादंबरींत उभें केलें. आणि तें जग पाहिल्यामुळेंच वाचकांना आपल्या जगांत तिच्यासाठीं झगडावेंसें वाटलें.

निव्वळ साहसकथा म्हणून वाचणाऱ्यांची तक्रार निराळी आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, निवेदक खोजा असल्यामुळें तो रणांगणांत जात नाहीं, आणि ज्या लढायांसाठीं शिकंदराची कथा वाचावयाची त्या आपल्याला तंबूंतून ऐकाव्या लागतात. आमच्या मतें येथेंच कादंबरीचें बळ आहे. लढाईचीं वर्णनें कोणीहि लिहितो. लढाईहून परत येणाऱ्याची वाट पाहणें कसें असतें, हें थोड्यांनाच लिहितां येतें. मल्लांच्या गडावर शिकंदराच्या छातींत बाण घुसला व छावणींत तो मेल्याची आवई उठली, हा प्रसंग मागें राहिलेल्याच्या डोळ्यांनीं पाहिल्यावर त्याची भीति दुणावते. दुसरा तंटा पात्रांचा आहे. पहिल्या भागानें हेफेस्तिऑन हा शिकंदराचा बालमित्र वाचकांच्या मनांत इतका ठसविला कीं, दुसऱ्या भागांत बागोआस आला तेव्हां अनेकांना तो आगंतुक वाटला. कोणता भाग सरस ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां वाचकाचें मन ह्या दोघांपैकीं कोणावर बसलें आहे, ह्यावरून ठरतें. बागोआसाला स्वतःला हेफेस्तिऑनचा मत्सर वाटतो, व त्या मत्सरावर तो हळूहळू मात करतो, हा कथेंतील अतिशय नाजूक धागा आहे. ज्यांनीं तो धरला त्यांचा तंटा आपोआप मिटला. तिसऱ्या भागाविषयीं मात्र उत्साह कमी दिसतो. तेथें नायकच नाहीं. प्रेतावरची झुंज तेवढी आहे. १९७० सालच्या पुस्तकांसाठीं २०१० मध्यें जें राहून गेलेलें बुकर पारितोषिक देण्यांत आलें, त्याच्या अंतिम यादींत पहिला भाग आला होता, ही गोष्ट ह्या संबंधांत सांगण्यासारखी आहे.

स्त्री-टीकाकारांनीं घेतलेला आक्षेप अधिक गंभीर आहे. जिचें सारें आयुष्य एका स्त्रीच्या सहवासांत गेलें, तिच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील नायक एकजात पुरुष कां? आणि शिकंदराची आई ऑलिंपियस इतकी भयंकर कां? ग्रीक जगांत कर्तृत्वाचीं दारें पुरुषांनाच उघडीं होतीं, हें ह्यावरील उत्तर अर्धेंच खरें आहे. सर्वांत वगळलेल्यांची कथा लिहिणाऱ्या लेखिकेनें दुसऱ्या वगळलेल्यांकडे पाठ फिरविली, हें वाचतांना जाणवतें खरें.

ह्याहून खोल प्रश्न दास्याचा आहे, व अलीकडचे वाचक तो वाढत्या आग्रहानें विचारतात. बागोआस लहानपणींच आईबापांवेगळा झाला, त्याचें शरीर त्याच्या संमतीशिवाय छेदलें गेलें, तो विकला गेला, आणि शेवटीं नजराणा म्हणून एका राजाकडून दुसऱ्याकडे आला. अशा जीवाच्या प्रेमाला स्वेच्छा कितपत म्हणावें? पूर्वींच्या वाचकांना प्रेमाच्या दर्शनाचीच इतकी तहान होती कीं, त्यांनीं हा प्रश्न फारसा काढला नाहीं. लेखिकेस तो अज्ञात नव्हता. पहिलीं प्रकरणें त्या क्रौर्याविषयीं कांहीं लपवीत नाहींत. परंतु शिकंदराचें आगमन होतांच दास्याचा प्रश्न प्रेमाच्या प्रकाशांत विरून जातो. आमच्या मतें ह्या कादंबरीचें सर्वांत मोठें यश व सर्वांत मोठें अपयश हें एकाच ठिकाणीं आहे. प्रेम केल्यामुळें दास माणूस झाला, हें यश. आणि ज्यानें त्याला दास ठेविलें ती व्यवस्था त्या प्रेमामुळें क्षम्य भासूं लागली, हें अपयश.

हिंदी वाचकाला ह्याचीच दुसरी बाजू दिसते. झेलमच्या कांठीं इ. स. पूर्वीं ३२६ मध्यें पोरसाशीं झालेली लढाई आपण शाळेपासून ऐकत आलों आहों, व शिकंदराच्या औदार्याची गोष्टहि तिच्याबरोबरच ऐकत आलों आहों. परंतु आरियनच्याच सांगण्याप्रमाणें सांगलाच्या पाडावांत सुमारें १७,००० माणसें मारलीं गेलीं व ७०,००० हून अधिक पकडलीं गेलीं. मल्लांच्या ज्या गडावर शिकंदर घायाळ झाला, तेथें चवताळलेल्या सैन्यानें बायकांमुलांसकट कत्तल केली. मस्सग येथें तह करून बाहेर पडलेल्या भाडोत्री योद्ध्यांची जी हत्या झाली, ती शिकंदराचा गौरव करणाऱ्या प्लूटार्कलाहि त्याच्या रणकीर्तीवरील कलंक वाटली. ह्या संहाराचें ओझें बागोआसाच्या निवेदनाला पेलत नाहीं. मल्लांच्या गडाची हकीकत वाचतांना आपण राजाच्या श्वासाकडे कान लावून बसतों, आणि भिंतीपलीकडे मेलेल्यांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं. टार्न ह्यांनीं नायकाच्या लौकिकासाठीं खोजाला पुसून टाकलें. रेनॉल्ट बाईंनीं खोजाला परत आणलें, पण टार्न ह्यांच्या उदात्त नायकाचा बराचसा अंश तसाच ठेविला. १९७५ सालीं 'दि नेचर ऑफ अलेक्झांडर' हें शिकंदराचें चरित्र लिहून त्यांनीं आपला पक्ष कादंबरीबाहेरहि मांडला, तेव्हां ही गोष्ट अधिकच उघड झाली.

महाराष्ट्रांत ह्या विषयाचा एक धागा वाचकांच्या पत्रांशींच जोडलेला आहे. र. धों. कर्वे ह्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें, व त्यांत वाचकांच्या प्रश्नांना ते रोखठोक उत्तरें देत. असल्याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटला ते हरले व कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्या त्या वाचकांचीं नांवें आज कोणाला ठाऊक नाहींत. परंतु ज्या गोष्टी कोणाजवळ बोलतां येत नाहींत, त्या मासिकाच्या संपादकाला लिहून विचाराव्या, एवढा भरंवसा त्यांना वाटला होता. केप टाउनच्या लेखिकेला पत्र लिहिणाऱ्या शाळकरी मुलाचा भरंवसा ह्याच जातीचा होता. आपल्या देशांत इंग्रजांनीं १८६० सालीं केलेलें ३७७ वें कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविलें तें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं. त्या दोन तारखांमधील १५८ वर्षांत किती पत्रें लिहून फाडलीं गेलीं असतील, त्याची गणती नाहीं.

तेव्हां ह्या कादंबरीविषयीं आमचें मत काय, असें कोणी विचारील. ती श्रेष्ठ कलाकृति आहे काय, हा प्रश्न आम्ही क्षणभर बाजूस ठेवतों. भाषेची शुद्धता, देशकालाचें ज्ञान व संयम ह्या बाबतींत तिच्या तोडीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या इंग्रजींत थोड्या आहेत, एवढें निःशंक म्हणतां येईल. तिचा खरा विषय साक्ष हा आहे. जो इतिहासांत एखाददुसऱ्या ओळीपुरता शिल्लक राहिला, आणि त्या ओळींवरहि विद्वानांनीं बोळा फिरविला, त्याला बोलूं द्यावें; मग त्याच्या बोलण्यांतील पक्षपात आपण वाचकांनीं ओळखावा. बागोआस प्रेमानें बोलतो, म्हणून तो शिकंदराविषयीं कांहीं गोष्टी पाहतो ज्या आरियनला दिसल्या नाहींत. आणि प्रेमानें बोलतो म्हणूनच कांहीं गोष्टी त्याला दिसत नाहींत, ज्या आरियनला गडाच्या भिंतीजवळ दिसल्या. दोघांचेहि ग्रंथ मेजावर शेजारीं शेजारीं उघडे ठेवून वाचावे.

ज्यांनीं ह्या पुस्तकांत आपला पूर्वज शोधला, त्यांस आम्ही एवढेंच म्हणूं कीं, पूर्वज शोधण्याचा त्यांचा हक्क पुरा आहे. तो हक्क मराठ्यांनीं बजावला, ग्रीकांनीं बजावला, प्रत्येक जागृत होणाऱ्या समाजानें बजावला. परंतु पूर्वज निवडतांना सिंहासनाकडे फार वेळ पाहूं नये. ह्या कथेंतला त्यांचा खरा पूर्वज शिकंदर नव्हे. तो बागोआस होय : जो जिंकला गेला, विकला गेला, वगळला गेला, आणि तरीहि ज्यानें आपण काय पाहिलें तें शेवटपर्यंत नीट आठवून सांगितलें.